मुठीत मावणारी लेस

टॅटिंगमध्ये गाठ एकच असते. क्रोशात साखळी, मुका खांब, खांब अशी टाक्यांची नावं पाठ करावी लागतात, सुयांवरच्या विणकामात सुलट-उलट टाके जमल्यावरही बरंच शिकायचं उरतं. टॅटिंगमध्ये दोन अर्ध्या गाठी मिळून एक पूर्ण गाठ होते आणि सगळी लेस त्या एकाच गाठीची बनते. ही गाठ दोऱ्यावर ओळीनं बांधत जायची, हवं तिथे थोडं अंतर सोडून छोटे फास ठेवायचे आणि मग दोरा ओढून त्या ओळीचं गोल कडं करायचं. फूल, पान, किनार, चौकट, असं जे जे टॅटिंगमध्ये दिसतं ते एवढ्याच क्रियांमधून आलेलं असतं.

या पुस्तकात फक्त लहान वस्तू आहेत. कानातली, राख्या, बुकमार्क, रुमालाच्या किनारी, बाळाच्या टोपड्याची लेस, शुभेच्छापत्रावर चिकटवायची फुलं. टेबलक्लॉथ, सोफ्याची कव्हरं, पडद्याच्या झालरी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. हस्तकलेची पुस्तकं सहसा लहानाकडून मोठ्याकडे जातात. त्यामुळे कानातलं हा सराव आणि टेबलक्लॉथ हे खरं काम, अशी वाचकाची समजूत होऊन बसते. माझं मत याच्या अगदी उलट आहे. टॅटिंगला लहान आकारच शोभतो. याची कारणं त्या गाठीतच आहेत, म्हणून आधी गाठ नीट बघू.

डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत दोऱ्याचं टोक धरायचं. दोरा उरलेल्या बोटांभोवती फिरवून पुन्हा चिमटीत आणला की हाताभोवती एक मोठा फास तयार होतो. पुढचा दोरा उजव्या हातातल्या शटलवर गुंडाळलेला असतो. शटल म्हणजे हातमागावरच्या धोट्याच्या घाटाचं, पण बोटाएवढं, दोन्ही टोकांना निमुळतं साधन. हे शटल हातावरच्या दोऱ्याच्या खालून न्यायचं आणि वरून परत आणायचं. आता वेढा पडला आहे, पण तो शटलच्या दोऱ्याचा, हातावरच्या दोऱ्याभोवती. आपल्याला नेमकं उलट हवं असतं. म्हणून डाव्या हाताची बोटं सैल सोडायची आणि शटलचा दोरा ताठ ओढायचा. त्या क्षणी गाठ उलटते. वेढा हातावरच्या दोऱ्याचा होतो आणि शटलचा दोरा त्यातून सरळ आरपार जातो. मग मधलं बोट उचलून हातावरचा दोरा पुन्हा ताणला की गाठ सरकत सरकत चिमटीपाशी येऊन बसते. ही पहिली अर्धी गाठ. दुसरी अशीच, फक्त शटल वरून जातं आणि खालून परत येतं.

गाठ उलटणं हेच टॅटिंगचं मर्म आहे. ती उलटली तर शटलचा दोरा सगळ्या गाठींच्या पोटातून मोकळा सरकतो आणि शेवटी ओढला की कडं बंद होतं. एक जरी गाठ उलटायची राहिली तरी दोरा तिथे अडतो आणि कडं मिटत नाही. शिकणाऱ्या बायका बहुतेक याच पायरीवर शटल ठेवून देतात, आणि ते फार वाईट आहे, कारण याच्या पुढे इतकं अवघड काही नाही. हातांना एकदा ते सैल सोडणं कळलं की कायमचं कळतं. शिकताना दोन रंगांचे जाड दोरे घ्या आणि एकमेकांना गाठून एक हातावर, दुसरा शटलवर ठेवा. गाठ बरोबर उलटली असेल तर तिच्यात फक्त हातावरच्या दोऱ्याचा रंग दिसेल. शटलचा रंग डोकावला की ती गाठ तिथेच सोडवायची, पुढे जायचं नाही. एका रंगाच्या दोऱ्यावर हे डोळ्यांना दिसत नाही, आणि नवशिक्यांना बहुतेक ठिकाणी एकाच रंगाचा पांढरा दोरा हातात दिला जातो. एवढी एक पद्धत बदलली तरी शिकणाऱ्यांपैकी कितीतरी जणी टिकतील.

दोन गाठींमध्ये थोडा दोरा मोकळा ठेवून पुढची गाठ बांधली आणि मग दोन्ही जवळ सरकवल्या की मधला दोरा कमानीसारखा वर उभा राहतो. हा पिको. (साडीला पिको-फॉल करतात तो निराळा.) पिको दिसायला सुंदर असतोच, पण त्याचं मोठं काम जोडण्याचं आहे. शेजारचं कडं बांधताना त्याचा दोरा आधीच्या कड्याच्या पिकोमधून बारीक हुकनं वर ओढायचा, त्या फासातून शटल काढायचं आणि घट्ट करायचं. दोन कडी जोडली जातात. हा जोड येण्याआधी सुटी सुटी कडी करून ती सुईदोऱ्यानं एकमेकांना शिवत असत. 1850 च्या आसपास कडी पिकोतून थेट जोडण्याची युक्ती छापील पुस्तकांतून पसरू लागली. एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर या लेखिकेच्या टॅटिंगवरच्या पुस्तिका त्याच काळातल्या. मला हा बदल फार मोठा वाटतो. त्याच्या आधी टॅटिंग म्हणजे सुट्या कड्यांचा साठा होता. त्यानंतर ती लेस झाली.

सहा पाकळ्यांचं फूल हा या पुस्तकातला पहिला नमुना. प्रत्येक पाकळी म्हणजे एक कडं. चार गाठी, पिको, चार गाठी, पिको, चार गाठी, पिको, चार गाठी, की दोरा ओढून बंद. एका पाकळीत 16 गाठी, सहा पाकळ्यांत 96, आणि प्रत्येक गाठ दोन अर्ध्यांची म्हणून शटल 192 वेळा दोऱ्याभोवती फिरतं. पाच पाकळ्या सरळ होतात. सहावी पाचवीला जोडली की तिचा शेवटचा पिको पहिल्या पाकळीला जोडायचा असतो, आणि तिथे फूल रुसतं. पहिली पाकळी आता चिमटीच्या दुसऱ्या बाजूला गेलेली असते. तिला तशीच ओढून जोडलं तर पिकोला पीळ बसतो आणि कितीही कांजी केली तरी फूल सपाट बसत नाही. अशा वेळी फूल मध्यावर घडी घालून पहिली पाकळी सहाव्या पाकळीवर आणायची, हुक मागच्या बाजूनं पिकोत घालायचा, दोरा ओढून घ्यायचा आणि मग घडी उघडायची. चित्रात ही घडी चार टप्प्यांत दाखवली आहे. तिथे सावकाश जा. हा एक जोड बिनपिळाचा आला की राखी, कानातलं, कोस्टर, जे जे गोल आहे ते सगळं तुमच्या हातात आलं.

आता लहान आकाराकडे येते. टॅटिंग उसवत नाही. क्रोशाचा दोरा ओढला की ओळच्या ओळ सुटते आणि चूक दुरुस्त होते. टॅटिंगमधली प्रत्येक अर्धी गाठ सुईच्या टोकानं एकेक करून सोडवावी लागते, आणि कडं बंद झाल्यावर चूक कळली तर ते उघडणं म्हणजे पिकोपाशी दोन गाठी फाकवून आतला दोरा केसभर केसभर मागे ओढणं. बारीक दोऱ्यात बहुतेक वेळा कापूनच टाकावं लागतं. टेबलक्लॉथमध्ये दोन महिन्यांपूर्वीची चूक सापडली तर माणूस हतबल होतो. फुलात सापडली तर नवं फूल करता येतं.

दुसरं कारण शटलचं. त्यावर दोरा बेताचाच मावतो. भरून बाहेर आला तर गाठी बांधताना कडेला घासतो आणि मळतो. दोरा संपला की नवा जोडायचा, आणि जोडला की दोन टोकं लपवायची. टोकं लपवणं हे या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, कारण टॅटिंग उसवलंच तर ते टोकांपाशी उसवतं. लहान वस्तू एका भरलेल्या शटलमध्ये पूर्ण होते. सुरुवातीचं एक टोक, शेवटचं एक टोक, दोन्ही सुईनं गाठींच्या पोटात ओवून टाकली की काम पक्कं.

तिसरं कारण हाताच्या ताणाचं आहे. दिवसभराच्या थकव्यानं गाठ सैल पडते, निवांत दुपारी ती घट्ट येते. मोठ्या कामात हा फरक पट्ट्यांसारखा उमटतो. एका बैठकीत, एका मनःस्थितीत झालेल्या फुलात सगळ्या पाकळ्या सारख्या येतात. आणि शेवटचं, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: टॅटिंग जवळून बघायचं असतं. त्याची गाठ मिलिमीटरएवढी. टेबलावर अंथरलेल्या चादरीत ती कुणाला दिसत नाही, नुसती जाळी दिसते. कानात घातलेलं, पुस्तकात ठेवलेलं, मनगटावर बांधलेलं टॅटिंग मात्र हातभर अंतरावर असतं, आणि बघणारा वाकून विचारतो, हे कसं केलं?

या कलेचा इतिहास पुष्कळ ठिकाणी राण्यांपासून सुरू करतात, पण तो सरळ नाही. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातल्या श्रीमंत बायका शटलवर गाठींची दोरी करत. ती दोरी मग कापडावर शिवत. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जोशुआ रेनल्ड्सनं साधारण 1760 मध्ये काढलेलं अल्बमार्लच्या काउंटेसचं चित्र आहे. त्यात तिच्या हातात शटल दिसतं, पण ती टॅटिंग करत नाही, गाठकाम करते आहे. त्या कामाची शटलं मोठी आणि टोकांना उघडी असत. टॅटिंग ज्या रूपात आपण करतो ते एकोणिसाव्या शतकाचं. 1840 च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा तिथल्या खेड्यापाड्यांत लेस हे पोट भरण्याचं साधन झालं, आणि त्यात टॅटिंगही होतं. कॉलर, कफ, किनारी, सगळं लहानच. पुढे 1886 मध्ये तेरेझ द दिलमाँ हिचा सुईकामाचा ज्ञानकोश निघाला. फ्रान्समधल्या म्यूलूझच्या डीएमसी या दोऱ्याच्या कंपनीशी ती जोडलेली होती, ग्रंथ अनेक भाषांत गेला, आणि त्यातल्या टॅटिंगच्या प्रकरणानं कित्येक देशांतल्या बायकांना ही गाठ शिकवली. 1910 मध्ये लेडी कॅथरिन होर हिनं ‘द आर्ट ऑफ टॅटिंग’ लिहिलं. त्याला प्रास्ताविक होतं ते रुमानियाच्या राणी एलिझाबेथचं. कार्मेन सिल्वा या नावानं ती लिहीत असे आणि स्वतः उत्तम टॅटिंग करत असे.

आपल्याकडे लेसकाम मिशनच्या शाळांमधून आणि कॉन्व्हेंटांमधून आलं. नागरकोइलला एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडन मिशनरी सोसायटीच्या बायकांनी बॉबिन लेस शिकवली, आंध्रात गोदावरीच्या खोऱ्यात क्रोशा रुजला, गोव्यात ख्रिस्ती घरांमधून वेदीवरच्या वस्त्रांना आणि बाळाच्या बाप्तिस्म्याच्या झग्यांना क्रोशाच्या किनारी लागल्या. टॅटिंग या सगळ्यात धाकटं राहिलं. त्याचं केंद्र झालं नाही, कारखाना झाला नाही, एखाद्या गावाचं नावही त्याला चिकटलं नाही. महाराष्ट्रात ते शिवणक्लासातून, मावशीकडून भाचीकडे, शेजारणीकडून शेजारणीकडे असं पसरलं आणि रुमालाच्या कडेवर, पेटीकोटाच्या घेरावर, झबल्याच्या गळ्यावर राहिलं. छंद म्हणून जे टिकतं ते असंच टिकतं, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

बाजारात हल्ली ‘टॅटिंग लेस’ म्हणून मीटरवर जी मिळते ती बहुतेक यंत्राच्या भरतकामाची असते. विरघळणाऱ्या कापडावर यंत्रानं नक्षी भरतात, मग ते कापड काढून टाकतात आणि नुसती नक्षी उरते. स्वित्झर्लंडमध्ये 1880 च्या दशकापासून ही पद्धत आहे. ती लेस वाईट आहे असं मी म्हणणार नाही, साडीला लावायला छान दिसते. पण भिंगाखाली धरलीत तर तिच्यात गाठी नसतात, दोऱ्यावर दोरा शिवलेला असतो. खऱ्या टॅटिंगच्या कड्यात प्रत्येक गाठ सुटी मोजता येते.

सामान फार लागत नाही. शटल, दोरा, बारीक क्रोशाचा हुक, छोटी कात्री, बोथट टोकाची सुई. पुण्यात तुळशीबागेत, मुंबईत दादरला किंवा भुलेश्वरला हे सगळं एका फेरीत मिळतं. शटल प्लॅस्टिकचं चालतं, पण त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकलेली हवीत. दोरा भरताना टोकाशी टक असा आवाज यायला हवा. टोकं सैल असतील तर शटल हातातून सुटलं की दोरा उलगडत जातो. शटल सुटलं की ते लोंबकळू द्यायची सवय मात्र चांगली, कारण गाठी बांधताना दोऱ्याला पीळ चढतो आणि लोंबकळताना तो आपोआप उतरतो. सुईवरचं टॅटिंग असाही एक प्रकार आहे. ते लवकर जमतं, सांधे दुखणाऱ्यांना ते सोयीचं पडतं, आणि या पुस्तकातले बहुतेक नमुने सुईवर होतील. पण सुईची जाडी गाठींच्या पोटात राहून गेल्यामुळे ते काम थोडं सैल येतं. कानातल्यासाठी मी शटलच सांगेन.

दोऱ्यावर मात्र काटकसर करू नका. पीळदार, मर्सराइज्ड सुती क्रोशाचा दोरा घ्या. सुती दोऱ्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया जॉन मर्सर यानं 1844 मध्ये शोधली आणि 1890 च्या सुमारास होरेस लो यानं ती दोरा ताणून धरून करायला सुरुवात केली, तेव्हा त्याला आजची ती रेशमासारखी चमक आली. आपल्याला चमकेपेक्षा महत्त्वाची आहे ती गुळगुळीतपणाची गोष्ट, कारण आतला दोरा सरकला पाहिजे. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. 10 नंबरवर शिका, 20 वर राख्या आणि बुकमार्क करा, हात बसला की 40 वर कानातली. 80 नंबर रुमालाच्या किनारीसाठी, आणि तो दिवसाच्या उजेडात. भरतकामाच्या लडीचा सहा पदरी दोरा घेऊ नका, त्याचे पदर सुटतात आणि हुक एका पदराला अडकतो. लोकर तर अजिबात सरकत नाही. जरीचा मोह राखीच्या वेळी प्रत्येकीला होतो. जर शटलवर घेतली तर कडं मिटणार नाही, खरखरीत दोरा गाठींतच अडकून बसेल. दोन दोऱ्यांच्या साखळीत मात्र शटलवर सुती दोरा आणि हातावर जर असं चालतं, कारण तिथे जर फक्त गाठी बांधते, सरकावं लागतं ते सुताला. या पुस्तकातली जरीची राखी अशीच केली आहे: पाकळ्या सुती, भोवतीच्या कमानी जरीच्या.

राखीला टॅटिंग इतकं शोभतं की ते तिच्यासाठीच केल्यासारखं वाटतं. मधलं फूल, दोन्ही बाजूंना साखळीचे बंद, हवं तर मधोमध एक मोती. वजन नसल्यासारखं, जाडी नसल्यासारखी. परदेशातल्या भावाला ती साध्या पाकिटात, पत्राच्या घडीत ठेवून पाठवता येते. प्लॅस्टिक नाही, स्पंजचे गोळे नाहीत. धुता येते, म्हणून भाऊ ती हवी तितके दिवस बांधू शकतो. मोती वापरायचा असेल तर तो आधीच दोऱ्यात ओवून घ्यावा लागतो, मग तो हवा तिथे सरकवत आणतात. ऐनवेळी घालायचा असेल तर मोत्याचं भोक इतकं मोठं हवं की त्यातून पिको दुमडून काढता येईल.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काय द्यायचं याची दरवर्षी चर्चा होते आणि दरवर्षी डबे, वाट्या, गाळण्या घरी येतात. प्रत्येकीला एक टॅटिंगचा बुकमार्क किंवा कानातल्याचा जोड द्यायचा असेल तर दिवाळीनंतर लगेच बसावं लागेल, हे खरं. पण त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. शटल आणि दोऱ्याची गुंडी चष्म्याच्या डबीत मावते. लोकलमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, मुलाच्या क्लासच्या बाहेर एक कडं होतं, दोन होतात. कडं बंद केलेलं असलं की कुठेही थांबता येतं, टाके गळत नाहीत, ओळ सुटत नाही. मोडत्या वेळेत पुरं होणारं असं दुसरं विणकाम मला माहीत नाही.

बाळासाठी करताना काही पथ्यं पाळा. बोरन्हाणाच्या काळ्या झबल्यावर पांढरी टॅटिंगची फुलं हलव्याच्या दागिन्यांच्या जोडीला फार सुंदर दिसतात, आणि तो नमुना या पुस्तकात आहे. पण पिको आखूड ठेवा. लांब पिकोत बाळाचं इवलंसं बोट अडकतं. मोती, टिकल्या, मणी तान्ह्याच्या कोणत्याही कपड्याला लावू नका. मोज्यांच्या आतल्या बाजूला दोऱ्याचं टोक राहू देऊ नका.

कांजी हा शेवटचा संस्कार. तयार वस्तू आधी कोमट पाण्यात सौम्य साबणानं धुवायची, कारण हातांचा मळ दोऱ्याला लागलेलाच असतो. लाल आणि मरून दोऱ्याचा रंग जातो का हे ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचं. मग थर्माकोलवर कागद ठेवून प्रत्येक पिको टाचणीनं ताणून बसवायचा. टाचण्या गंज न धरणाऱ्याच हव्यात, गंजाचा डाग सुतातून जात नाही. साबुदाण्याची पातळ खळ ब्रशनं लावून सावलीत वाळवायची. साखरेच्या पाण्यानं कडकपणा छान येतो, पण मुंग्या येतात. कानातल्यांना रोज घाम लागतो, त्यांना खळ टिकत नाही, म्हणून पाण्यात पातळ केलेला फेव्हिकॉल मागच्या बाजूनं लावतात. कानातल्यांचे हूक शक्यतो चांदीचे घ्या. दोरा हलका असतो, कान ओघळत नाही, पण स्वस्त धातूनं कान पिकले तर दोष टॅटिंगला मिळतो.

एका विषयावर थोडं थांबून बोलायचं आहे. टॅटिंग जमायला लागलं की कुणीतरी म्हणतंच, विकत का नाहीस? विकायला माझी हरकत नाही. पण आंध्रातल्या नरसापूरच्या लेस करणाऱ्या बायकांवर मारिया मीस यांचं 1982 चं पुस्तक वाचल्यापासून मी या प्रश्नाकडे वेगळ्या नजरेनं बघते. त्या बायका रोज कित्येक तास क्रोशा करत होत्या, त्यांचा माल परदेशी जात होता, आणि तरी त्यांना कामगार म्हणत नव्हते. त्या ‘घरी बसून रिकाम्या वेळात’ लेस करणाऱ्या गृहिणी समजल्या जात, म्हणून मजुरी नगण्य. ‘छंदच तर आहे’ या तीन शब्दांनी बाईच्या श्रमाची किंमत किती खाली येते हे त्या पुस्तकानं दाखवलं. म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे: विकायचं तर तास मोजून, दोऱ्याचे पैसे वेगळे लावून, पूर्ण दरानं विका. द्यायचं तर मनापासून फुकट द्या. अधलंमधलं, ‘दोऱ्यापुरते दे’ असं करू नका. त्यानं तुमचं नुकसान होतं आणि जी बाई हे पोटासाठी करते तिचं जास्त होतं.

या पुस्तकातले नमुने आकड्यांत लिहिले आहेत. आकडा म्हणजे गाठी, आडवी रेघ म्हणजे पिको, अधिकची खूण म्हणजे जोड. 4-4-4-4 म्हणजे वर सांगितलेली पाकळी. काही जुन्या पुस्तकांत हेच चार ओळींचं वर्णन असायचं. आकड्यांची सवय झाली की तुम्ही कुठल्याही देशातला नमुना वाचू शकाल, भाषा येवो न येवो. आराखडेही दिले आहेत. ज्यांना चित्र लवकर कळतं त्यांनी आकड्यांकडे न बघता थेट चित्रावरून काम करावं.

आणि एक विनंती. तुमच्या घरात आजीच्या, आत्याच्या, मोठ्या काकूच्या हातचा एखादा टॅटिंग केलेला रुमाल, झबल्याची किनार, पेटीच्या तळाशी घडी घालून ठेवलेला एखादा तुकडा असेल. तो बाहेर काढा. टॅटिंगची लेस भिंगाखाली ठेवली की ती वाचता येते. कड्यातल्या गाठी मोजा, पिको कुठे आहेत ते बघा, कोणतं कडं कोणाला जोडलंय ते कागदावर काढा. तासाभरात नमुना तुमच्या हाती येईल, आणि तो कुठल्याही पुस्तकात नसण्याची शक्यता फार मोठी आहे, कारण आपल्याकडच्या बायकांनी नमुने लिहून ठेवले नाहीत, हातांतून हातांत दिले. आकडे लिहा, दोऱ्याचा अंदाजे नंबर लिहा, कुणी केलं तिचं नाव लिहा, साधारण कोणत्या साली तेही लिहा. मग तसाच एक तुकडा स्वतः करा आणि जुन्याबरोबर मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, पावसाळ्यात सुताला बुरशी येते.